कोपऱ्यावरचं छत

दोन्ही हातांनी टोकं धरून तिने ते जाड कापड झटकलं. धुळीचा लोट उठला आणि दादा दोन पावलं मागे सरला.

"हळू गं! आजच धुतलेला शर्ट घातलाय."

"रंगाऱ्याच्या दुकानात धुतलेला शर्ट घालून येतं का कोणी?"

दादा हसला. तीही हसली. मग तिने कापड लांब टेबलावर पसरलं, हाताने सारखं केलं आणि काठाची दुमड नखाने उलटून आत पाहिलं. वरून ते उन्हाने खाऊन बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं, पण दुमडीच्या आत मूळचा विटकरी तांबडा तसाच होता. कोपऱ्यावर दादाने विजेच्या सामानाचं दुकान थाटलं तेव्हा हे छत तिनेच रंगवून दिलं होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की दादा ते लोखंडी दांड्यांवर ताणायचा आणि बंद करताना गुंडाळून आत घ्यायचा. छत लागलेलं दिसलं की दुकान उघडं, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"हाच रंग हवा?"

"हाच. लोकांच्या डोळ्यांत बसलाय तो. भाड्याच्या गाळ्यात जायचं, निदान छत तरी ओळखीचं दिसू दे." दादाने स्टूल ओढलं, फडक्याने पुसलं आणि बसला. "आणि या वेळी तेवढा दात बसवून टाक."

छताच्या पुढच्या काठाला अर्धगोल कंगोरे कापलेले होते. त्यांतला गल्लीकडच्या टोकाजवळचा एक नव्हता. दुकान नवीन असतानाच वळणाऱ्या हातगाडीने तो ओढून नेला होता. तेव्हा सलूनवाल्याने दुकानाचं नाव 'पडका दात' ठेवलं आणि खरी पाटी कोणी वाचेनासं झालं. वायर पडक्या दाताकडून आण. पडक्या दातापाशी थांब, आलोच. सकाळी छताची तिरपी सावली गल्लीच्या तोंडावर पडायची. शाळेत जाणारी पोरं सावलीच्या एकेका कंगोऱ्यावर पाय देत जायची आणि दात नसलेल्या जागी दोन्ही पायांनी उडी मारायची.

"इतकी वर्षं शिवू दिला नाहीस. खूण आहे म्हणायचास."

"नवी जागा, नवं तोंड. तिथले लोक म्हणतील, फाटकं छत लावून बसलाय."

तिने मान हलवली आणि रिकाम्या जागेची रुंदी अंगठा आणि करंगळी ताणून मोजली.

"गल्लीच्या सुनावणीत तू बोलणार आहेस म्हणे," दादा म्हणाला. तो जमिनीत बसवलेल्या रंगाच्या टाकीकडे बघत होता.

"सगळे म्हणतात तूच बोल. माझा आवाज ठणठणीत आहे म्हणे."

"कागद झालेत गं छोटी. आता बोलणं म्हणजे तोंडाची वाफ." तो उठला. जाताना त्याने लहानपणी मारायचा तशी तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "तुझं मी बघतो. काळजी करू नकोस."

ते 'मी बघतो' तिने पूर्वी पुष्कळदा ऐकलं होतं, आणि दरवेळी दादाने बघितलंही होतं.

*

नगरपालिकेने ओस पडत चाललेल्या वस्त्यांसाठी सार्वजनिक न्यास काढला, तेव्हा प्रत्येक गल्लीतून एक विश्वस्त घ्यायचा ठरला. त्यांच्या गल्लीतून दादाच गेला. दुसरं नाव निघालंच नाही. कोणाचा दिवा गेला, कोणाचा पंखा अडला, की तो शिडी घेऊन हजर. शिवाय त्याला बोलता यायचं.

पहिल्या काही बैठकांनंतर त्याने सगळ्यांना सलूनमध्ये गोळा केलं. न्यासाचा निधी आधी सगळ्यांत वाईट अवस्थेतल्या गल्ल्यांना जाणार होता. पाहणीला माणसं येणार, फोटो काढणार, कुठली दुकानं चालू आणि कुठली बंद ते लिहून नेणार.

"आपली गल्ली धड जगत नाही, धड मरत नाही," दादा म्हणाला होता. "अशा गल्लीला कोणी विचारत नाही. एक दिवस मेल्यासारखी दिसू दे. मग बघा, नवी गटारं, नवे दिवे, नवी छपरं."

"मरायचं सोंग तर मला रोजच्या गिऱ्हाइकीनं शिकवलंय," सलूनवाला म्हणाला आणि सगळे हसले.

सोंग सगळ्यांनी मनापासून वठवलं. पाट्या उतरवल्या. दादाने स्वतः शिडीवर चढून खांबांवरचे दिवे काढले. वह्या-पुस्तकं बांधून देणाऱ्या बाइंडरकाकांनी शटरला गंज दिसावा म्हणून चहाचं पाणी शिंपडलं. तिच्या दुकानासमोरचं गटार रोज एका रंगाचं वाहायचं, आज कुठला येणार यावर पोरांच्या पैजा लागायच्या. ते गटार तिने खराट्याने घासून कोरडं केलं, कापडं वाळवायच्या दोऱ्या सोडल्या आणि वडिलांच्या वेळेपासून कधी रिकामी न झालेली टाकी उपसून टाकली. त्या दिवशी कोणी दिसायला नको, म्हणून दादाने बस ठरवून दिली होती. अख्खी गल्ली धरणावरच्या बागेत गेली. दादा एकटा मागे राहिला, पाहणीवाल्यांना गल्ली दाखवायला.

फार मजा आली होती त्या दिवशी. बाइंडरकाका झोपाळ्यावर बसले होते. वर्षानुवर्षं शेजारी दुकानं लावणाऱ्या माणसांनी एकमेकांना पहिल्यांदाच नुसतं बसलेलं पाहिलं. तिला मात्र बस लागली आणि परतीच्या वाटेवर ती सलूनवाल्याच्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून पडून राहिली.

काही महिन्यांनी न्यासाचा निर्णय आला. गल्ली मृत ठरली होती. दुरुस्ती नाही, पाडून नवी बांधायची. ज्यांच्या भिंती त्यांना भिंतींची भरपाई. नव्या बांधकामात जागा मात्र पाहणीच्या दिवशी चालू असलेल्या व्यवसायांनाच.

दादा त्या दिवशी रडला होता. सलूनच्या फिरत्या खुर्चीत बसून, सगळ्यांसमोर. माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि मी तुमच्याबरोबर स्वतःचाही कोपरा घालवला, म्हणाला. सलूनवाल्याने त्याला पाणी दिलं होतं आणि मग त्याच्या मानेवरचे वाढलेले केस कापून दिले होते.

*

सुनावणीच्या आधी नगरपालिकेच्या सभागृहात नव्या गल्लीची प्रतिकृती लोकांना बघायला ठेवली होती. बाइंडरकाका आणि सलूनवाला तिला ओढूनच घेऊन गेले.

"चल गं रंगताई. आपलं तेरावं बघून येऊ."

काचेच्या पेटीत पुठ्ठ्याची पांढरी गल्ली होती. स्पंजची झाडं होती. नखाएवढी माणसं हातात पिशव्या घेऊन फिरत होती. सलूनवाल्याने पेटीभोवती एक फेरी मारली आणि काचेवर बोट ठेवलं.

"माझ्या खुर्चीच्या जागी झाड लावलंय. बसा म्हणावं आता फांदीवर दाढी करायला."

"माझ्याकडे बाक आहे," बाइंडरकाका म्हणाले. "म्हाताऱ्यांसाठी असेल. म्हणजे मी येऊन बसू शकतो."

"रंगताई, तुझी टाकी कुठे?"

तिने पाहिलं. टाकीच्या जागी काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत पांढरी वाट होती. ती टाकी उचलून नेता येणारी नव्हती. जमिनीत उतरलेली, खालून निचऱ्याची वाट असलेली, वडिलांनी स्वतः घोटून बसवलेली. दुसऱ्या कुठल्या गाळ्यात तशी टाकी बसवायला कोणी जागा देणार नव्हतं. टाकी गेली की ती रंगारी राहणार नव्हती. हे तिला निर्णय आला त्याच दिवशी कळलं होतं, पण आज डोळ्यांनी दिसलं.

"एक बरं आहे," सलूनवाला म्हणाला. "बुडालो तर सगळे बुडालो. एक वाचला असता आणि बाकीचे गेलो असतो, तर झोप लागली नसती. दादाला बघ, न्यासात बसून स्वतःचं दुकान वाचवता आलं नाही बिचाऱ्याला."

शेजारच्या भिंतीवर जुन्या गल्लीचा फोटो होता, दाराएवढा मोठा. काळापांढरा छापला होता, उदास दिसावा म्हणून असेल. फोटो काढणारा गल्लीच्या आतल्या टोकाला उभा राहिला होता. दोन्ही बाजूंनी बंद शटरं, मधे रिकामा रस्ता आणि पलीकडे गल्लीचं तोंड, जिथून मोठ्या रस्त्याचा उजेड आत येत होता. खाली लिहिलं होतं, 'आधी'.

"आई शप्पत," सलूनवाला म्हणाला. "काय देखणे मेलो होतो आपण!"

बाइंडरकाका पुढे झाले. "माझ्या शटरवरचा गंज बघ. खऱ्यापेक्षा खरा."

दोघेही आपापलं शटर शोधत होते. तिनेही आधी आपलंच शोधलं. सापडलं. दोऱ्यांचे खिळे रिकामे, गटार कोरडं. आपल्या हाताने आपलं दुकान किती नीट पुसून टाकलं होतं, हे बघून तिला नको वाटलं आणि तिने नजर पुढे नेली, शटरांवरून, दिवे नसलेल्या खांबांवरून, गल्लीच्या तोंडापर्यंत.

तिथे जमिनीवर सावली होती.

कोपऱ्यावरचं दुकान फोटोत नव्हतं. त्याचं तोंड मोठ्या रस्त्याकडे, वळणापलीकडे. फोटोत फक्त त्याची बाजूची भिंत होती. पण सकाळचं ऊन तिरपं होतं आणि भिंतीच्या पुढे, रस्त्यावर, एक काळा पट्टा पडला होता. त्याची एक कड अर्धगोल अर्धगोल कापलेली होती. ती जवळ गेली. फोटो इतका मोठा केला होता की जवळून सगळ्याचे ठिपके होत होते, म्हणून ती पुन्हा मागे सरली. कंगोरे, कंगोरे, मग एक सपाट मोकळी जागा, मग पुन्हा एक कंगोरा.

"काय गं, काय झालं?" बाइंडरकाकांनी विचारलं.

"काही नाही. डोळे दुखतायत."

"रंगात घालून घालून दुसरं काय होणार," सलूनवाला म्हणाला. "चल, चहा पाजतो. आपल्याच मयताचा चहा आहे, पैसे मी देतो."

ती चहा प्यायली. काय बोलली ते तिचं तिलाही नंतर आठवलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा रंग बघायला आला. छत अजून पाण्यात भिजत होतं. ती चुलीवर रंग उकळत होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

"अजून घातलं नाहीस रंगात?"

"त्या दिवशी छत लावलं होतंस," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

तिने दांडक्याने रंग ढवळला. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. या वेळी त्याने ते पुसलं नाही.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. फोटोत सावली आहे."

"आणखी कोणी बघितली?"

आता ती वळली. तिला वाटलं होतं तो आधी नाही म्हणेल, किंवा निदान काहीतरी गुळमुळीत सांगेल. त्याने हा प्रश्न आधी विचारला.

"ऐक," दादा म्हणाला. "विश्वस्ताचा व्यवसाय गल्लीत चालू असायला लागतो. नियम आहे. माझंही बंद दाखवलं असतं तर मला काढलं असतं, आणि मग आपलं आत कोणी राहिलं नसतं. मी तुमच्यासाठीच…"

"चालू असलेल्यांनाच जागा मिळणार, हे माहीत होतं?"

दादा हाताचे तळवे एकमेकांवर घासू लागला.

"पक्कं नव्हतं. चर्चा होती."

"म्हणजे माहीत होतं."

"तुला सांगितलं होतं मी!" तो एकदम म्हणाला. "आदल्या संध्याकाळी घरी आलो होतो मुद्दाम. थांब म्हटलं होतं की नाही? तू थांबली असतीस तर तुझंही उघडं दाखवलं असतं मी."

तिला आठवलं. दारात उभा राहून तो म्हणाला होता, कशाला जातेस, तुला बस लागते. थांब ना माझ्याबरोबर. आणि ती म्हणाली होती, सगळे जातायत तिथे मी एकटी मागे काय राहू? जाताना त्याने तिला आल्याचा तुकडा दिला होता, तोंडात धरायला. ते आलं तिने वाटेत सलूनवाल्याच्या मुलीला अर्धं दिलं होतं.

"बस लागते म्हणालास," ती म्हणाली. "कारण नाही सांगितलंस."

"कारण सांगितलं असतं तर तू गल्लीभर केलं असतंस."

हे मात्र खरं होतं. तिने पुन्हा रंगाकडे तोंड केलं.

दादाचा आवाज खाली आला. "हे बघ छोटी, झालं ते झालं. भाड्याचा गाळा थोड्या दिवसांचा आहे. बांधकाम झालं की कोपरा मला परत मिळतोय, पहिल्यापेक्षा मोठा. त्यात मी तुला एक बाजू देतो. आजच तुझ्या वहिनीशी बोललो. तुझ्या नावाची पाटी लावू. टाकी नाही बसणार, पण कपडे घ्यायचे, बाहेरून रंगवून आणायचे, द्यायचे. बसल्या जागी. या वयात हे उकळत्या पाण्यात हात घालणं तरी सुटेल."

"आणि सलूनवाला?"

"मी सगळ्यांना कुठे पुरणार?"

रंग उतू जायला आला तशी तिने जाळ कमी केला.

"आणि सुनावणीत काही बोलायचा विचार असेल," दादा म्हणाला, "तर हेही लक्षात घे. तू तिथे म्हणालीस की आम्ही मुद्दाम बंद ठेवलं, की नोंद होईल. अख्ख्या गल्लीने न्यासाला फसवलं अशी. भिंतींची भरपाईसुद्धा जाईल सगळ्यांची. बाइंडरकाकांना त्या भरपाईशिवाय दुसरं काय आहे? बोलताना एवढं बघ."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. सलूनमध्ये सगळ्यांना गोळा करून तो बोलला होता, तेव्हाचा. त्यात काळजीही होती, हेच वाईट होतं.

"दात बसवायचा ना?" तिने विचारलं.

दादाने सुटकेचा श्वास टाकला. "बसव. आणि सुनावणीच्या दिवशी घेऊन नको येऊस, मी तिकडे लवकर जाणार आहे, माइकचं काम आहे. छत दुकानात ठेव. किल्ली आहेच तुझ्याकडे."

निघताना त्याने हात उचलला, पण ती चुलीच्या पलीकडच्या बाजूला होती.

*

छत तिने मनापासून रंगवलं. तिला दुसरं काही येत नव्हतं. आधी तुरटीच्या पाण्यात मुरवलं, मग रंगात घातलं, दांडक्याने सारखं वरखाली करत राहिली, जेणेकरून कुठे डाग धरू नये. मधेच काढून, दुमडीतून आधीच कापून ठेवलेली जुन्या रंगाची चिंधी आणि नवा रंग उजेडात शेजारी धरून पाहिले. ओला रंग नेहमी गडद दिसतो, त्यामुळे किती सोडून धरायचं याचा अंदाज लागतो. तो तिला वडिलांनी शिकवला होता, तिला आणि दादाला एकाच वेळी. दादाला तो कधी जमला नाही. वडील हसून म्हणायचे, याला सुकल्यावरचं दिसत नाही. म्हणून टाकी तिच्याकडे आली आणि कोपरा त्याच्याकडे गेला. त्या वाटणीबद्दल कोणी कधी कुरकुर केली नव्हती.

गल्लीतून येणाराजाणारा डोकावत होता. सलूनवाल्याने दारातून विचारलं, "पडक्या दाताचं का? बसवणार म्हणे दात. आम्हाला काय म्हणून हाक मारायची मग त्याला?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

छत वाळल्यावर तिने त्याच रंगात बुडवलेल्या तुकड्यातून एक कंगोरा कापला. रिकाम्या जागी टाचण्यांनी लावला आणि लांबून पाहिलं. बेमालूम बसला होता. कोणाला सांगूनही पटलं नसतं की इथे कधी काही नव्हतं. सुईत दोरा ओवून ती बराच वेळ मांडीवर कापड घेऊन बसली. नावाची पाटी, एक बाजू, बसल्या जागी. दुपारच्या उन्हात बाइंडरकाका समोरच्या ओट्यावर चिकट हात वर्तमानपत्राला पुसत होते. त्यांनी तिच्याकडे बघून नेहमीसारखी भुवई उडवली. तिनेही उडवली.

मग तिने टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत टाकल्या. कंगोरा घडी करून पदराला पुसला, कशाला ते तिलाच कळलं नाही, आणि चुलीत टाकला.

सुनावणीच्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत पाहणी झाली होती. दादाचं दुकान उघडून तिने स्टूल बाहेर काढलं. दांडे भिंतीत तसेच होते. एका टोकाची दोरी बांधायला तिला जमेना, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या पेपरवाल्याने सायकल लावून ती ओढून दिली. छत ताणलं गेलं. विटकरी तांबडं, नव्यासारखं, आणि गल्लीकडच्या टोकाजवळ एक दात नसलेलं. ती खाली उतरली, स्टूल आत ठेवलं, दार ओढून घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

सावली आपल्या जागी पडली होती.

थोड्या वेळाने गल्ली निघाली. ठेवणीतले कपडे, हातात पिशव्या, पिशव्यांत कागद. बाइंडरकाका काठी टेकत पुढे होते. शाळेला निघालेली एक मुलगी त्यांच्या बाजूने पळत आली, एकेका कंगोऱ्यावर पाय देत गेली आणि मोकळ्या जागी दोन्ही पायांनी उडी मारून मोठ्या रस्त्याला लागली.

"अरे वा," सलूनवाला म्हणाला. "पडका दात उघडा? आणि दादा तर सकाळीच सभागृहात गेलाय."

"उघडं नाही," ती म्हणाली. "नुसतं छत लावलंय."

"छत लावलंय म्हणजे उघडंच की. आम्हाला काय शिकवतेस?" मग त्याने खाली पाहिलं. पायाखालच्या कंगोऱ्यांकडे पाहून हसला. "आणि दात नाही बसवलास! छान केलंस. आपलेच दात, आपलेच ओठ."

ती त्यांच्या मागोमाग सावली ओलांडून चालू लागली.

*

सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. प्रतिकृती एका बाजूला सरकवली होती, पण फोटो भिंतीवर तसाच होता. दादा मंचावर माइक बोटाने ठोकून बघत होता. गल्लीची माणसं आत आल्यावर त्याने हात केला. तिच्याकडे पाहून त्याने भुवया वर नेल्या, तिने मान हलवली. त्याचा समज झाला असावा की छत दुकानात ठेवलं. छत दुकानालाच लागलं होतं, तेव्हा ते अगदीच खोटंही नव्हतं.

ती मधल्या रांगेत बसली. सलूनवाला तिच्या पुढच्या खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी चष्मा लावला, कागद सारखे केले आणि हरकत घेणाऱ्यांनी आपापल्या पाळीनुसार बोलावं, थोडक्यात बोलावं, असं सांगितलं. बाइंडरकाका पहिले उठले. त्यांनी भिंतीची लांबी कमी धरली आहे एवढंच सांगितलं आणि आभार मानून बसले.

सलूनवाला ऐकत नव्हता. तो मान तिरकी करून बाजूच्या भिंतीकडे बघत होता. आरशात गिऱ्हाइकाच्या दोन्ही कानांवरचे केस सारखे झालेत का बघावं तसं. मग तो उठला आणि रांगेतून वाट काढत फोटोपाशी गेला. बाईंनी एकदा चष्म्यावरून पाहिलं, पण पुढचं नाव पुकारलं.

"रंगकाम. आपली हरकत?"

दादा माइक घेऊन खाली उतरला आणि वायर सोडत तिच्यापर्यंत आला. माइक हातात देताना अगदी हळू म्हणाला, "दोन शब्दांत आटप."

ती उभी राहिली. माइक थंड होता. समोर सगळ्या गल्लीच्या माना होत्या, त्यांतल्या बहुतेक सलूनवाल्याने कालच नीट केलेल्या.

"माझं नंतर घ्या," ती म्हणाली. "आधी त्यांचं बघून होऊ दे."

आणि ती खाली बसली.

कोणाचं काय, म्हणून माना वळल्या. आधी दोनचार, मग सगळ्या. बाइंडरकाका काठीवर भार देऊन उठले आणि भिंतीकडे निघाले. तिथे सलूनवाल्याचं बोट सावलीच्या काठावरून सरकत होतं, कंगव्याच्या दातांवरून फिरावं तसं, एकेका कंगोऱ्यावर थोडं अडत. शेवटाजवळ ते थांबलं. तो वळला नाही. नुसता तसाच उभा राहिला, बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवून.

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दादाने तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि वायर गुंडाळायला सुरुवात केली. सुनावणी अजून संपायची होती.